राखणीच्या कुत्र्याला द्राक्षे, बेदाणे व चिंच यांपासून धोका

शेतकऱ्याच्या घरी बैल, गाय, म्हैस व शेळ्या यांच्या जोडीने कुत्राही असतो. रात्रीच्या वेळी मळ्याची राखण करणे, खळ्यावरील धान्य सांभाळणे, रानडुकरांची चाहूल देणे, मेंढ्यांच्या कळपाभोवती पहारा ठेवणे ही कामे तो मुकाट्याने करीत असतो. असे असूनही त्याच्या आहाराचा स्वतंत्र विचार सहसा केला जात नाही. उरलेली भाकरी, आमटी, ताक आणि सणावारी पानात राहिलेले गोडधोड यांवरच त्याचे पोषण होते. माणसाला जे मानवते ते कुत्र्यालाही मानवते, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

पुष्कळशा फळांच्या बाबतीत ही समजूत बरोबर आहे. पिकलेल्या आंब्याची फोड, पपई, केळे किंवा पेरू कुत्र्याने खाल्ल्यास काही बिघडत नाही. परंतु द्राक्ष, बेदाणा व चिंच ही तीन फळे या नियमाला अपवाद आहेत. माणसाला पौष्टिक व रुचकर असलेली ही फळे कुत्र्याची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी करू शकतात. नाशिक व सांगली हे महाराष्ट्रातील द्राक्षांचे प्रमुख जिल्हे होत. तासगाव-सांगलीचा बेदाणा सर्वत्र प्रसिद्ध आहे. चिंचेचे झाड तर बहुतेक प्रत्येक गावाच्या शिवारात आहे. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास व गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

हा धोका कसा लक्षात आला

द्राक्षे ही मानवाची प्राचीन काळापासूनची फळे असली तरी कुत्र्यांवरील त्यांचा घातक परिणाम अलीकडेच उघडकीस आला. अमेरिकेतील पशुविषबाधा केंद्रांकडे येणाऱ्या प्रकरणांची छाननी करताना, मूत्रपिंडे बंद पडलेल्या काही कुत्र्यांनी त्यापूर्वी द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ल्याचे तज्ज्ञांना आढळले. २००१ साली हे निरीक्षण पशुवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९९२ ते २००२ या काळातील अशा ४३ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून अभ्यासण्यात आल्या. त्या सर्वांना उलट्या झाल्या होत्या, आणि मूत्रपिंडे बिघडल्यावर उपचार होऊनही ४३ पैकी २३ कुत्रीच वाचली. रोग अंगात मुरल्यावर उपचाराचा उपयोग किती मर्यादित असतो, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

फळातील नेमका कोणता घटक घातक आहे, हे कोडे मात्र आणखी वीस वर्षे सुटले नव्हते. बुरशी, कीटकनाशके, जड धातू अशा अनेक कारणांचा संशय घेण्यात आला. परंतु घरच्या अंगणातील, कोणतीही फवारणी न झालेली द्राक्षे खाऊनही कुत्री आजारी पडत होती. पुढे एका कुत्र्याने मुलांच्या खेळासाठी घरी मळलेला पिठाचा गोळा खाल्ला व त्याचीही मूत्रपिंडे तशीच बिघडली. त्या गोळ्यात 'क्रीम ऑफ टार्टर' हा द्राक्षांपासून मिळणारा आंबट क्षार होता. या धाग्यावरून तज्ज्ञांचे लक्ष टार्टारिक आम्लाकडे वळले. २०२१ साली त्यांनी आपला तर्क मांडला व २०२२ साली सविस्तर लेख प्रसिद्ध केला. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही हाच विकार झाल्याची नोंद त्या लेखात आहे. त्यामुळे टार्टारिक आम्ल व त्याचे क्षार हेच या विषबाधेचे कारण आज मानले जाते.

शरीरात काय घडते

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. शरीराला उपयोगी असलेले पदार्थ त्या परत घेतात व टाकाऊ द्रव्ये मूत्रावाटे बाहेर सोडतात. माणसाच्या मूत्रपिंडात टार्टारिक आम्लासारखी द्रव्ये पेशींतून बाहेर टाकण्याची जी सोय आहे, ती कुत्र्याच्या मूत्रपिंडात अपुरी असावी, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. आम्ल नलिकांच्या पेशींत शिरते, तेथेच साचते व त्या पेशी मरू लागतात. प्रयोगशाळेत कुत्र्याच्या व माणसाच्या मूत्रपिंडातील पेशींवर हे आम्ल घालून पाहिले असता कुत्र्याच्या पेशींना इजा झाली, माणसाच्या पेशींना झाली नाही.

यावरून एक शंका दूर होते. 'आमची मुले रोज द्राक्षे खातात, मग कुत्र्याला काय होणार?' असे पुष्कळदा विचारले जाते. मुलांचे शरीर व कुत्र्याचे शरीर या बाबतीत सारखे नाही, हेच त्याचे उत्तर आहे. त्याचप्रमाणे जनावरांवरून कुत्र्याचा अंदाज बांधणेही चुकीचे होय. द्राक्षाचा चोथा गुरांना पशुखाद्य म्हणून घालतात. तेवढ्यावरून तो कुत्र्याला चालेल असे मानू नये.

किती खाल्ल्यास धोका संभवतो

कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे २० ग्रॅम द्राक्षे किंवा सुमारे ३ ग्रॅम बेदाणे एवढ्या अल्प प्रमाणातही मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत. या हिशेबाने १५ किलो वजनाच्या गावठी कुत्र्याला ३०० ग्रॅम द्राक्षे, म्हणजे एक बेताचा घड, किंवा ४५ ग्रॅम बेदाणे, म्हणजे एक मूठभर, घातक ठरू शकतात. २५ किलोच्या कारवानी कुत्र्याला अर्धा किलो द्राक्षे किंवा ७५ ग्रॅम बेदाणे अपायकारक होऊ शकतात. चार किलोच्या पिलाला तर १२ ग्रॅम, म्हणजे अवघे २५ ते ३० बेदाणे पुरेसे होतात.

बेदाण्याचे प्रमाण इतके कमी असण्याचे कारण उघड आहे. साधारणपणे ४ किलो द्राक्षांपासून १ किलो बेदाणा तयार होतो. सुकताना पाणी उडून जाते, आम्ल मात्र आतच राहते. बेदाणा चवीला गोड लागला तरी त्यातील आम्ल नाहीसे झालेले नसते. साखरेच्या गोडीने ते झाकले जाते एवढेच.

वरील आकडे सुरक्षिततेची मर्यादा म्हणून समजू नयेत. आम्लाचे प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे, हवामानाप्रमाणे व पक्वतेप्रमाणे बदलते. हिरव्या, अपक्व मण्यांत ते अधिक असते. त्यामुळे एखादा कुत्रा अनेकदा द्राक्षे खाऊनही सुखरूप राहतो व दुसरा थोडक्याने दगावतो. 'मागील वर्षी खाल्ली, काही झाले नाही' हा अनुभव पुढील वर्षासाठी भरवशाचा नाही.

चिंचेच्या बाबतीत अधिकच सावधगिरी हवी. द्राक्षात टार्टारिक आम्ल सामान्यतः शेकडा १ च्या आसपास किंवा त्याहून कमी असते. चिंचेच्या गरात ते शेकडा ८ ते १८ पर्यंत असते. नुसती आंबट चिंच कुत्रा सहसा खात नाही. परंतु गूळ घातलेली चिंचेची चटणी, चिंचगुळाची आमटी किंवा चिंचेच्या गोळ्या तो आवडीने खातो. आमटीत चिंचेचा अंश थोडा असतो हे खरे. तथापि निर्धोक प्रमाण ठरलेले नसल्यामुळे अशी आमटी कुत्र्याच्या भाकरीवर न ओतणेच श्रेयस्कर होय. शिजविल्याने किंवा भाजल्याने हे आम्ल नष्ट होत नाही. म्हणून बेदाणे घातलेला शिरा, खीर, लाडू किंवा केक हेही कुत्र्याला देऊ नयेत.

लक्षणे

विषबाधेची लक्षणे टप्प्याटप्प्याने दिसतात.

१. पहिला टप्पा : फळ पोटात गेल्यापासून सामान्यतः २४ तासांच्या आत, बहुधा त्याच दिवशी, कुत्र्याला उलट्या होतात. उलटीत किंवा विष्ठेत द्राक्षाच्या साली अथवा फुगलेले बेदाणे दिसू शकतात. काहींना जुलाब होतात.

२. दुसरा टप्पा : कुत्रा अन्नाला तोंड लावीत नाही, सुस्त पडून राहतो, पोटाला हात लावल्यास कण्हतो. काही कुत्री वारंवार पाणी पितात.

३. तिसरा टप्पा : २४ ते ७२ तासांत मूत्रपिंडांचे काम मंदावते. लघवीचे प्रमाण घटते व पुढे ती पूर्ण बंद होते. तोंडाला दुर्गंधी येते, कुत्रा लडखडत चालतो. लघवी बंद होणे हे अत्यंत गंभीर लक्षण होय.

पहिल्या व तिसऱ्या टप्प्यांच्या मधल्या काळात उलट्या थांबून कुत्रा बरा झाल्यासारखा वाटण्याचा संभव असतो. या काळात स्वस्थ बसल्यास उपचाराची वेळ निघून जाते.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. राखणीचा कुत्रा अचानक मेला की शेजाऱ्याने किंवा भाऊबंदाने विष घातले, असा संशय घेतला जातो व त्यावरून बांधाचे जुने वाद पुन्हा पेटतात. कीटकनाशकाच्या विषबाधेत लाळ गळणे, अंग थरथरणे, झटके येणे ही लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात. द्राक्षे-बेदाण्यांच्या विषबाधेत प्रथम उलट्या, मग सुस्ती व दोन-तीन दिवसांनी लघवी बंद होणे असा क्रम असतो. म्हणून कोणावरही आरोप करण्यापूर्वी, गेल्या तीन दिवसांत कुत्रा कोठे फिरला व त्याने काय खाल्ले याची चौकशी करावी, आणि मृत्यूचे कारण पशुवैद्याकडून तपासून घ्यावे.

तातडीचे उपाय

कुत्र्याने द्राक्षे, बेदाणे किंवा चिंच खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पुढीलप्रमाणे वागावे.

१. किती वाजता, काय व अंदाजे किती खाल्ले हे लिहून ठेवावे. कुत्र्याचे अंदाजे वजनही सांगता आले पाहिजे.

२. ताबडतोब पशुवैद्याशी संपर्क साधावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा नि:शुल्क दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर व बेदाणा शेडवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

३. पहिल्या दोन तासांत कुत्रा दवाखान्यात पोहोचल्यास पशुवैद्य औषधाने उलटी करवून पोट रिकामे करतात. बेदाणे पोटात बराच वेळ राहतात. त्यामुळे थोडा उशीर झाला तरी 'आता काय उपयोग?' असे म्हणून घरी बसू नये.

४. त्यानंतर शिरेतून सलाइन देऊन मूत्रपिंडांचे काम चालू ठेवले जाते. हा उपचार सामान्यतः ४८ ते ७२ तास चालतो. रक्तातील युरिया व क्रिएटिनिन यांची तपासणी पहिल्या दिवशी व नंतर तीन दिवस रोज करून घ्यावी.

५. या काळात कुत्रा लघवी करतो की नाही, यावर घरच्या माणसाने लक्ष ठेवावे व पशुवैद्यास कळवावे.

पुढील गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. अधिक मीठ पोटात गेल्याने निराळीच विषबाधा होते. घशात बोटे घालू नयेत. दूध, तूप किंवा तेल पाजल्याने आम्लाचा परिणाम कमी होत नाही, उलट वेळ मात्र वाया जातो. माणसांसाठी असलेली वेदनाशामक औषधे कधीही देऊ नयेत. त्यांपैकी काही औषधे मूत्रपिंडांना आणखी इजा करतात. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नये.

मळ्यात व शेडवर घ्यावयाची दक्षता

उपचारापेक्षा प्रतिबंध सोपा व स्वस्त आहे. द्राक्षबागेत विरळणीच्या वेळी खाली पडणारे हिरवे मणी, तसेच जानेवारी ते एप्रिल या काढणीच्या हंगामात टाकून दिलेले तडकलेले व सडके घड मांडवाखाली पडून राहू देऊ नयेत. ते रोजच्या रोज गोळा करून खड्ड्यात पुरावेत किंवा कंपोस्टच्या झाकलेल्या खड्ड्यात टाकावेत. या सवयीने बागेतील रोग व किडी यांनाही आळा बसतो.

बेदाणा शेडवर धोका सर्वांत अधिक असतो. जाळ्यांवरून गळालेले बेदाणे तळाशी साचतात व रात्री राखणीला सोडलेला कुत्रा ते खातो. म्हणून रोज सायंकाळी शेडखालील जमीन झाडून घ्यावी. निवडणीत निघालेला दुय्यम माल उघड्या ढिगात न ठेवता पोत्यांत भरून उंचावर ठेवावा. कुत्रा शेडच्या बाहेर, माल ठेवलेल्या जागेपासून दूर बांधावा व त्याला वेळेवर पोटभर अन्न द्यावे. भुकेलेला कुत्रा मिळेल ते खातो. मद्यार्क कारखान्यांतून येणारा द्राक्षाचा चोथा खतासाठी आणल्यास तोही झाकून ठेवावा.

चिंचा झोडपण्याच्या व फोडण्याच्या दिवसांत अंगणात वाळत घातलेला गर, चिंचेचे गोळे व गूळ-चिंचेचे पदार्थ कुत्र्याच्या तोंडी लागणार नाहीत असे ठेवावेत. लग्नकार्यानंतर उष्ट्या पत्रावळी उघड्यावर टाकू नयेत.

इतर फळांविषयी

द्राक्ष, बेदाणा व चिंच वगळता आपल्याकडील पुष्कळशा फळांचा गर कुत्र्याला थोड्या प्रमाणात चालतो. फळे हा त्याचा मुख्य आहार नव्हे. रोजच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा ती अधिक देऊ नयेत. फळाच्या गरापेक्षा कोय, बिया व साली यांपासून अपाय होण्याचा संभव असतो, हे लक्षात ठेवावे.

आंबा : पिकलेला गर चालतो. कोय मात्र कुत्रा चाटता चाटता गिळून टाकतो. ती आतड्यात अडकल्यास वारंवार उलट्या होतात, शौच बंद होते व शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही. आंब्याच्या दिवसांत कोयी झाकणाच्या बादलीत टाकाव्यात.

फणस : पिकलेला गरा थोडा चालतो. आठळ्या गिळल्यास त्या आतड्यात अडकण्याची भीती असते.

बोर व जांभूळ : गर अपायकारक नाही, बिया काढूनच द्यावे.

सीताफळ : गर चालतो. बियांत विषारी द्रव्य असते. फुटलेल्या किंवा वाटलेल्या बिया कुत्र्यापासून दूर ठेवाव्यात.

केळे, पपई, पेरू, चिकू : साल व बिया काढून थोड्या फोडी देण्यास हरकत नाही.

कलिंगड : बिया काढलेला लाल गर उन्हाळ्यात थोडा द्यावा. जाड साल देऊ नये.

संत्रे व मोसंबी : एखाददुसरी फोड चालते. सालीतील तेलाने उलट्या होतात.

डाळिंब : दाणे व साल यांमुळे काही कुत्र्यांना उलट्या होतात; न दिलेले बरे.

याच ओघात तीन पदार्थांविषयी इशारा देणे आवश्यक आहे. कांदा, मग तो कच्चा असो वा शिजविलेला, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा खाल्ल्यास रक्तावर गंभीर परिणाम होऊ शकतो. लसूणही त्याच वर्गातील आहे. कुंपणाला लावलेल्या बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, फळे हृदयक्रिया बंद पाडतात. खत म्हणून वापरण्यात येणारी एरंडीची पेंड कुत्री वासाने ओढली जाऊन खातात व त्यामुळे त्यांना रक्ताचे जुलाब होऊन मृत्यू येऊ शकतो. ती मातीत नीट मिसळून झाकावी.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी द्राक्ष हंगामाच्या आरंभी बागायतदार, शेडमालक व शेडवर काम करणाऱ्या स्त्री-पुरुष मजुरांची एकत्र बैठक घेऊन ही माहिती समजावून द्यावी. राखणदार व मजूर हेच कुत्र्यांना प्रेमाने मूठभर बेदाणे टाकतात. त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचली नाही तर मालकास सांगून उपयोग होणार नाही. शाळेतील मुलांना हा विषय अवश्य सांगावा, कारण घरी कुत्र्याला खाऊ देणारी बहुधा मुलेच असतात. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, त्याची वेळ व कुत्र्याला सलाइन देण्याची सोय कोठे आहे, याची माहिती आधीच मिळवून ठेवावी.

सारांश

द्राक्षे, बेदाणे व चिंच कुत्र्याला देऊ नयेत. कोणतेही प्रमाण निर्धोक मानू नये. यांपैकी काही खाल्ल्याचे कळताच उलटीची किंवा सुस्तीची वाट न पाहता त्याच तासाला पशुवैद्याकडे जावे. इतर फळे द्यावयाची झाल्यास कोय, बिया व साल काढून थोडी द्यावीत. रात्रभर जागून दुसऱ्याच्या मालाची राखण करणाऱ्या या मुक्या प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याच्या तोंडी काय जाते याची काळजी वाहणे हे धन्याचेच कर्तव्य आहे.